वेगळ्या पाकिटातलं मत

आणीबाणी सैल झाली आणि लोकसभेची निवडणूक लागली, तेव्हा मी केनवडच्या बाजूला शाळेवर नवा मास्तर होतो. मतदानाच्या कामाची माझी ती पहिलीच वेळ. आडबाजूच्या एका लहान गावात आमचं केंद्र होतं. केंद्राध्यक्ष एक वयस्क हेडमास्तर, आणि मतदारयादी माझ्याकडे. येणाऱ्यानं नाव सांगायचं, मी ते मोठ्यानं वाचून खूण करायची. गावात माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. चेहरे ओळखायला उमेदवारांचे प्रतिनिधी असतात. त्या दिवशी बाकावर दोघं होते, आणि दोघंही एकाच मोठ्या शेतकऱ्याच्या घरचे.

दुपारी तीनच्या सुमारास एक बाई आली. चाळिशीची, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली. गव्हाच्या सोंगणीवरून, कापणी अर्धी टाकून, तशीच आली होती, लुगड्याला काड चिकटलेलं. तिनं नाव सांगितलं. मी यादीत पाहिलं. त्या नावापुढे सकाळीच खूण झाली होती. खूण माझ्याच हातची.

"तुमचं मतदान झालंय, बाई."

"कसं झालं? मी तं आता येऊन राह्यली." तिनं दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. "पाहा, कोन्या बोटाले शाई हाय?"

बाकावरचा एक जण हसला. "जा ना घरी. एका मतानं काय होते?"

"काही होत नाई, तं मंग चोरलं कायले?" ती म्हणाली. त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, खूण झाली की माझ्या हातात काही राहत नाही." यावर दुसरं कुणी रडलं असतं, नाहीतर शिव्या देत निघून गेलं असतं. ती दाराशी जमिनीवर बसली.

"साहेब, तुमच्यापाशी नियमाचं पुस्तक हाय. एवढ्या जाड पुस्तकात माह्यासारखीसाठी काही तं लिहिलं असन. वाचा तुमी. मी थांबते."

हेडमास्तर थकले होते, पण माणूस सरळ. त्यांनी चष्मा लावला आणि पानं उलटायला सुरुवात केली. रांगेतली माणसं कुरकुरली. शेवटी नियम सापडला. आपल्या नावानं दुसऱ्यानं मत टाकलेलं असलं, तर खऱ्या मतदाराला ओळख पटवून वेगळी मतपत्रिका मागता येते. फक्त ती पेटीत जात नाही, पाकिटात बंद होते. आम्ही तिला सासऱ्याचं नाव विचारलं, घर विचारलं, शेजारी कोण ते विचारलं. तिनं सगळं न अडखळता सांगितलं.

"हे मोजतील का?" तिनं विचारलं.

हेडमास्तर खोटं बोलले नाहीत. "नाही. कोर्टानं सांगितलं तरच."

ती दारातून उठून टेबलापाशी आली. मग म्हणाली, "पन माह्या नावानं कोनी खोटं केलं, हे सरकारच्या कागदावर राहीन ना?"

"राहील."

"मंग द्या."

आडोशाला जाऊन तिनं शिक्का मारला, घडी घालून कागद हेडमास्तरांच्या हातात दिला. जाता जाता माझ्यापाशी थांबली. "तुमची चूक नाई, मास्तर. तुमी मले पाह्यलं कुठं होतं?" तिनं रागावलेलं मला परवडलं असतं.

पुढच्याच वर्षी विधानसभेची निवडणूक आली आणि माझी नेमणूक पुन्हा त्याच गावी झाली. सकाळी दार उघडलं तर समोर वस्तीतल्या तीसेक बाया रांगेत उभ्या. कमरेला विळे, कडेवर लेकरं, आणि सगळ्यांच्या पुढे ती. रस्त्यावर शेताची गाडी थांबलेली, गाडीवान हाका मारत होता. "अवो चला ना! हरबरा सोंगाचा हाय!"

"आधी मत, मंग हरबरा," ती म्हणाली.

मी विचारलं, "एवढ्या सगळ्यांना कसं आणलं?"

"घरोघरी गेली. म्हटलं, मत चोरनाऱ्याले धाक बसन असा कायदा पाह्यजे. आन एक आमदार धाडून कायदा होत नाई, मास्तर. तिथं हात वर करनारे आपले जास्त पाह्यजेत. मंग आपल्या गावातून एकही मत कमी कायले पडू द्याचं?"

त्या खेपेला तिनं आणखी एक काम केलं होतं. वस्तीतल्या एका शिकलेल्या माणसाला एका उमेदवाराचा प्रतिनिधी करून बाकावर बसवलं होतं. दहाच्या सुमारास चार अनोळखी माणसं वस्तीतल्या नावांच्या चिठ्ठ्या घेऊन आली. त्यानं उठून शांतपणे सांगितलं, "हे आमच्या वस्तीतले नाईत." चौघं आल्या पावली परत गेले.

त्या दिवशी वस्तीतल्या एकाही माणसाला मी "तुमचं मत झालंय" असं सांगितलं नाही. तिनं मागितलेला कायदा कधी झाला की नाही, मला ठाऊक नाही. पुढे मी बऱ्याच निवडणुकांचं काम केलं, मोठमोठ्या साहेबांची भाषणं ऐकली. पण मत म्हणजे काय, हे मी त्या मजूर बाईकडून शिकलो, आणि शिकवताना तिनं मला एकदाही खाली पाहायला लावलं नाही.