माझी शाळा गरिबीनं सुटली नाही

अंगावर शाल होती. मांडीवर नारळ. समोर भरलेला हॉल. माईकपाशी पैठणी नेसलेली एक मुलगी माझं लिहिलेलं वाचत होती. पुण्याची, इथं कॅनडात वॉटर्लूच्या युनिव्हर्सिटीत शिकणारी. आवाज गोड होता तिचा. मी मान खाली घालून ऐकत होते. पुढं कोणतं वाक्य येणार ते मला पाठ होतं. तेच वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले होते.

ते आलंच नाही. त्याच्या जागी ती मुलगी म्हणाली, "घरची गरिबी होती, म्हणून माझी शाळा सुटली."

बायकांनी 'च् च्' केलं. कुणी डोळ्याला रुमाल लावला. मग टाळ्या. कार्यक्रम ज्यांनी घडवून आणला त्या नीलाताई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्या माझ्याकडे वाकल्या.

"मावशी, उठा. हात जोडा."

मी उठले. मांडीवरचा नारळ गडगडत स्टेजवरून खाली गेला. लोक हसले. प्रेमानंच हसले. मी हात जोडले. माझ्या नावावर खोटं वाचलं गेलं होतं आणि मी त्याबद्दल हात जोडून उभी होते.

माझी शाळा गरिबीनं सुटली नाही.

गरिबी होतीच. वस्तीत सगळ्यांच्याच घरी होती. तरी पोरं शाळेत जात होती. परभणीकडचं आमचं गाव. आमची घरं गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडं. मी चौथीत होते. चाचणी परीक्षेत वर्गात पहिली आले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असायचं. सगळ्यांनी पाटीवर सरस्वती काढायची, पाट्या ओळीनं मांडायच्या, आणि जो पहिला आला असेल त्यानं सगळ्या पाट्यांवर फूल वाहायचं. ही पद्धत बाईंनीच पाडलेली. मी न्हाऊन, ओंजळभर झेंडू घेऊन गेले. बाईंनी दुसऱ्या आलेल्या मुलीला उठवलं. मला वाटलं, बाई विसरल्या.

मी म्हणाले, "बाई, पहिली मी आले."

माझी पाटी ओळीत सगळ्यात शेवटी होती. बाई तिथवर चालत आल्या. साडी जराशी वर धरली आणि पायानं पाटी सरकवायला लागल्या. हाताचा प्रश्नच नव्हता. सरकवत सरकवत उंबऱ्यापर्यंत नेली आणि जोरानं ढकलली. पाटी पायरीवर जाऊन फुटली.

"तुझी पूजा तिकडं," बाई म्हणाल्या. "इथं बाटवू नकोस."

सण झाल्यावर माझा बाप विचारायला गेला. बाईंनी त्याला दारातूनच सांगितलं, "पोरगी उलट बोलते. नका पाठवू." बाप परत आला. नवी पाटी काही त्यानं आणली नाही.

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. तो गेला, त्याला माहीत नव्हतं. सांगितलं फक्त शीतलला, माझ्या मुलीला. ती दहावीला असताना अभ्यासाचा कंटाळा करायची, तेव्हा जवळ बसवून सांगितलं. त्या दिवसापासून ती पुस्तक सोडून उठली नाही. शिकली. वॉटर्लूच्या शेजारच्या किचनरला येऊन कॉलेज केलं, इथंच सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागली. मुलगी झाली तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं.

नात डे-केअरला जायला लागली तशी मी दिवसभर बेसमेंटमध्ये एकटी. मला चारचौघांत बोलता येत नाही. भाजीच्या दुकानातसुद्धा मी बोटानं दाखवते. शीतलनं लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात माझं नाव घातलं. तेव्हा रस्त्यात ट्रेनचे रूळ टाकून झाले होते, ट्रेन धावत नव्हती. मी बसनं जायचे. त्या वर्गात मला मा सान भेटली. बर्माची. माझ्याच वयाची. तिची आई हिंदुस्थानी, म्हणून तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. मला म्हणायची दीदी. मास्तरीणबाईनं काही विचारलं की आम्ही दोघी एकमेकींच्या मागं लपायचो.

नीलाताई तिथंच आल्या एकदा. पुण्यात कॉलेजात मराठी शिकवायच्या, आता वॉटर्लूला मुलाकडे राहतात. कॅनडाला दीडशे वर्षं होत होती, सरकार असल्या कामांना मदत देत होतं. ताईंनी ग्रँट मिळवली होती. नव्यानं आलेल्या बायकांनी आपापल्या भाषेत लिहायचं, मराठीत आणि बर्मी भाषेत. आधी कार्यक्रम आणि बक्षीस, मग मोठं पुस्तक.

मी म्हटलं, "ताई, मी चौथी."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "मावशी, म्हणूनच तुम्ही लिहायचं. बोलता तसं लिहा. मी तुमच्या एका शब्दालाही हात लावणार नाही."

त्यांनी माझा हात धरला होता, म्हणून मी लिहिलं. दुसरं कारण नाही.

नातीला डे-केअरला सोडून आले की ओट्यापाशी बसून लिहायचे. बाईंनी माझी पाटी पायानं ढकलली, हे वाक्य सगळ्यात शेवटी जमलं. लिहिलेलं शीतलनं कॉम्प्युटरवर घेतलं. टाईप करताना तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, पोरीला रडू येतंय.

तर हॉलमध्ये माझ्यानंतर मा सानची पाळी होती.

तिचा बाप शाळामास्तर. गोष्टी लिहायचा. त्यांच्या सरकारचं साहित्याचं सगळ्यात मोठं बक्षीस त्याला मिळालं होतं. इथल्या बर्मी लोकांना त्याचा अभिमान. त्यांचं म्हणणं, मा साननं स्वतःचं राहू द्यावं, बापाच्या त्या बक्षिसाच्या पुस्तकातलं वाचावं. पण ती ते पुस्तक घेऊन आलीच नव्हती. तिनं पिशवीतून एक जुनं मासिक काढलं, बापाची गोष्ट छापलेलं. पिवळं पडलेलं. ती वाचायला लागली. मला एक शब्द कळत नव्हता, पण तिचा आवाज थरथरत होता ते कळत होतं.

आणि मध्येच ती थांबली.

मासिक तसंच धरून उभी. डोळे पानावरून खाली सरकत होते, ओठ मिटलेले. हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली. कुणाला वाटलं संपलं, त्यानं टाळ्या वाजवल्या. आणखी चार जणांनी वाजवल्या. मा सान हलली नाही. टाळ्या थांबल्या. मग कुणी खोकलंसुद्धा नाही. अर्धं पान वाचायला लागतो तेवढा वेळ झाल्यावर तिनं पान उलटलं आणि पुढं वाचायला लागली.

नंतर कोट अडकवले होते तिथं मी तिला गाठलं. तिनं ते पान दाखवलं. अर्ध्या पानावर चांदीसारखा रंग लिंपलेला. खाली अक्षरं आहेत एवढं कळत होतं, वाचता येत नव्हती.

"सरकार का आदमी लगाता था, दीदी. छपने के बाद. हर कॉपी में."

"और बक्षीस?"

"वो बाद में. वही कहानी किताब में आया. सरकार बोला, ये हिस्सा निकाल दो, इनाम देगा, सब लायब्ररी में किताब रखेगा. बाबा निकाल दिया." तिनं पानावरून बोट फिरवलं. "इनाम मिला. फोटो मिला. फिर बाबा कुछ नहीं लिखा. मरने तक."

"इसके नीचे क्या है?"

"मालूम नहीं. मैंने मिट्टी के तेल से घिसा था, कागज फटने लगा, छोड़ दिया. बाबा को पूछा. बाबा बोला, भूल गया."

मग ती म्हणाली ते मी विसरणार नाही. "किताब में वो जगह एकदम साफ है, दीदी. ऊपर का, नीचे का जोड़ दिया. किसी को पता नहीं चलता. ये चांदी अच्छा है. ढका है, वो दिखता तो है."

माझ्या अंगावर शाल तशीच होती. मला ती टोचायला लागली.

जेवणाच्या टेबलापाशी नीलाताई साबुदाणावड्याची प्लेट घेऊन उभ्या होत्या. मी जवळ गेले.

"ताई, माझं एक वाक्य..." एवढंच तोंडातून निघालं.

"अहो हो, ते! कसं असतं मावशी, इथं ग्रँट देणारे लोक येतात, बाकीचे येतात. त्यांच्यासमोर आपणच आपली लाज कशाला काढायची? इथं आपण सगळे मराठी म्हणून एक आहोत. आणि आता कुठं राहिलंय हो ते सगळं?"

"तुम्ही म्हणाला होता, एका शब्दाला हात लावणार नाही."

त्यांनी प्लेट खाली ठेवली. जरा दुखावल्यासारख्या झाल्या.

"मी नाहीच लावला. परस्पर करणारी बाई नाही मी. शीतलला फोन केला होता. तिनंच दुसरं वाक्य करून पाठवलं."

पार्किंगमध्ये शीतल गाडीच्या काचेवरचा बर्फ खरडत होती. मी आत बसून तिच्याकडे बघत होते. ती आत आली, हीटर लावला, हातमोजे काढले. मी विचारलं. ती समोरच बघत राहिली.

"आई, मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. ऑफिसमध्ये चार मराठी आहेत. आडनावावरून त्यांना कळत नाही. मला ते तसंच हवंय."

"मी तुझं नाव नव्हतं लिहिलं."

"तू माझी आई आहेस हे सगळ्यांना माहीत आहे." मग आवाज चढला तिचा. "गरीब चालतं गं त्यांना. गरीब असलं की कौतुक होतं. आईनं किती कष्ट केले म्हणतात. ते दुसरं कळलं की काही बोलत नाहीत, फक्त जेवायला बोलवायचं बंद करतात. तुला इथं राहायचं नाही. मला राहायचंय."

बाईंनी पाटी ढकलली तेव्हा मी रडले नव्हते. त्या गाडीत रडले. बाई परक्या होत्या. त्यांनी जे केलं ते समोर केलं, वर्गासमोर. माझ्या पोरीनं ते घरात बसून केलं. तिनं शिकावं म्हणून मी जे सांगितलं होतं, ते तिनं शिकून खोडून टाकलं. आणि जागा इतकी साफ केली की वाचणाऱ्याला शंका येऊ नये.

तिची भीती खोटी नाही हे मला कळतं. पण भीती तिची होती आणि खोटं माझ्या तोंडी घातलं.

मोठं पुस्तक छापायला जायचं होतं. मी शाल पिशवीत घातली आणि बसनं वॉटर्लूला गेले. दोन बस बदलून. कॅनडात मी एकटी कुणाच्या घरी गेले ती पहिली वेळ. नीलाताईंनी मुलाच्या फ्लॅटचं दार उघडलं.

"अगबाई, मावशी! एकट्या आलात?"

मी शाल त्यांच्या हातात दिली. बसले नाही. बसमध्ये घोकून आले होते ते म्हटलं.

"माझं वाक्य परत घाला. नाही तर त्या जागी काळी पट्टी ठेवा. सपाट करू नका."

"पुस्तकात काळी पट्टी? कसं दिसेल ते?"

"दिसू दे."

त्या हसल्या. मग हसू गेलं. "मावशी, एवढ्याशा वाक्यासाठी तुम्ही सगळ्यावर पाणी सोडताय. पुस्तक किती ठिकाणी जाणार आहे कल्पना आहे का तुम्हाला? पुढं आणखी बक्षिसं असतात. सरकारी असतात. मी तुमच्यासाठी किती धडपडले. आणि तुम्ही माझ्यावरच उलटता?"

पोरगी उलट बोलते. तेच बोलणं. फक्त आवाज मऊ.

"मग माझं सगळंच काढा," मी म्हणाले आणि जिना उतरले. लिफ्टची वाट बघत तिथं उभं राहवलं नाही.

पुस्तक आलं. त्यात मी नाही. मा सानही नाही, तिनंही नाही म्हणून सांगितलं. कव्हर छान आहे म्हणे.

शीतल माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. एका रविवारी तिच्या ऑफिसमधले ते मराठी जेवायला आले. मी पोळ्या लाटत होते. मंदार नावाचा मुलगा, चांगला मुलगा, ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"काकू, काय मऊ पोळ्या आहेत! तुमचं शिक्षण कुठवर झालं?"

"चौथी."

"अरेरे. परिस्थिती नसेल ना तेव्हा."

शीतलच्या हातात आमटीचं भांडं होतं. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनी नको, नको म्हणत होती. मी शेगडी बंद केली. पिठाचे हात तसेच ठेवून वळले.

"परिस्थितीचं काही नाही," मी म्हणाले. "मी वर्गात पहिली आले होते. बाईंनी माझी पाटी पायानं दाराबाहेर ढकलली. का ढकलली ते सांगते. बसा."

सांगितलं. सगळं सांगितलं. आमटी गार झाली.

ती माणसं पुन्हा जेवायला आली नाहीत. शीतल म्हणाली होती तसंच झालं. ती म्हणते, बघितलंस? मी बघितलं. तरी सांगणार. नात मोठी होतेय, इंग्रजीत का होईना, एक दिवस विचारील, आजी, तुझी शाळा का सुटली. तिलाही हेच उत्तर मिळेल. शीतलला ते थांबवायचं असेल तर तिनं सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर हात ठेवावा. म्हणजे झाकलंय एवढं तरी लोकांना दिसेल.