पाण्यानं लिहिणारे आप्पा

दुसऱ्याच्या भिंतीवर आपलं मत लिहायचा अधिकार तुम्हांला कुणी दिला? रागावू नका. हाच प्रश्न मी दोन वर्षं स्वतःला विचारतो आहे आणि माझ्याजवळच्या एकाही पत्रकात त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

ज्यांच्यामुळे विचारतो आहे ते आप्पा घराबाहेर पडताना दाराशेजारच्या विटेला टिचकी मारत. कान तिरका करून ऐकत, ‘बोलतीय’ म्हणत, आणि मगच पायात जोडे सरकवत. घरी आलेल्या माणसालाही पाणी नंतर, आधी टिचकी.

धाराशिवातल्या आमच्या गल्लीत सगळी दगडमातीची माळवदं. पक्क्या विटांचं, गिलावा न केलेलं लाल घर एकट्या आप्पांचं. तेरणेकाठच्या भट्टीवरून गाड्या आल्या तेव्हा त्यांनी म्हणे एकेक वीट वाजवून घेतली होती आणि बद्द वाजली ती परत पाठवली होती. गाडीवान वैतागून म्हणाला होता, ‘आप्पा, घर बांधताय का तबला?’ ही गोष्ट आप्पा स्वतःच सांगत आणि सांगण्याआधीच हसत.

ते निजामाच्या कचेरीत नक्कलनवीस होते. दिवसभर उर्दू कागदांच्या नकला करायच्या. शाळेत आम्हांलाही उर्दूच. म्हणून संध्याकाळी ते गल्लीतल्या पोरांना मराठी अक्षरं शिकवत. म्हणत, ‘दिवसभर उजवीकडनं लिवतो. सांजच्याला डावीकडनं लिवलं की हात सरळ व्हतो.’ पाटी नव्हतीच. ओलं फडकं बोटाला गुंडाळून ते उन्हानं तापलेल्या विटांवर अक्षर काढत. लाल भिंतीवर ते गडद उमटे आणि आम्ही गिरवेपर्यंत वाळून जाई. माझा ‘ह’ कधी जमला नाही. ‘लेका, शेपटी कुठं चालली?’ असं म्हणून ते माझं बोट धरून वळवत. खडूनं लिहा, म्हणजे राहील तरी, असं मी एकदा सुचवलं. ते म्हणाले, ‘पाण्यानंच बरं. भिंतीला वझं न्हाय.’

मोगलाईच्या शेवटच्या वर्षात आप्पांची नजर जाऊ लागली. बायको आधीच गेलेली, एकुलती लेक बार्शीला, हद्दीपलीकडे. त्यांनी घर विकायला काढलं. आईनं विचारलं, एवढी घाई का? तर म्हणाले, ‘दिसतंय तवर सही करतो. मागनं अंगठा मारावा लागंल. जल्म लिवण्यात गेला माझा, वैनी. अंगठा न्हाय मारायचा.’

एवढंच त्यांना हवं होतं: विक्रीच्या कागदावर स्वतःच्या हातची सही.

पण असा विकणारा तुम्ही पाहिला नसेल. गिऱ्हाईक आलं की आप्पा आधी उणिवा दाखवत. ही खोली गळते, त्या दाराला पावसाळ्यात लाथ घालावी लागते, परड्यात विंचू निघतात. एका व्यापाऱ्याला घर पसंत होतं, पण तो सगळं गिलाव्यानं झाकणार म्हणाला. आप्पांनी त्याला नाही म्हणून सांगितलं. ‘बोलत्या वस्तूचं तोंड कशाला दाबायचं?’

मग सरकारी शाळेतले ड्रॉइंग मास्तर आले. चार मुली, भाड्याची एक खोली. कुणी सांगण्याआधीच त्यांनी भिंतीला टिचकी मारली, कान लावला, आणि म्हणाले, ‘बोलती है, आप्पा.’ आप्पा आमच्या ओसरीवर येऊन कितीतरी वेळ हसत बसले. घर ह्यांनाच द्यायचं ठरलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. बार्शीहून चोरून येणारी पत्रकं सदऱ्याखाली घालून हिंडत होतो. ‘घरं सोडू नका, विकू नका’ हे मला तोंडपाठ होतं. आणि आप्पा घर विकत होते, तेही जुलमी सरकारच्या नोकराला! मास्तरांच्या चार मुली माझ्या पत्रकांत कुठं नव्हत्या. त्या दिवसांत माझ्यासारख्याला जग फार सोपं वाटे.

एका पहाटे मी चुना कालवला आणि त्यांच्या रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं लिहिली: ‘हे घर विकायचं नाही. जुलूम चालणार नाही.’ आप्पांचं घर मी वाचवलं असं मला वाटत होतं.

सकाळी चौकीचा जमादार आला. कुणी लिहिलं म्हणून त्यानं आप्पांना दरडावलं. आप्पा म्हणाले, अक्षर दिसत नाही. जमादारानं घर वहीत टिपून घेतलं आणि हे घर जो घेईल त्याचंही नाव इथंच लागेल असं बजावून गेला.

मी समोर गेलो तेव्हा आप्पा भिंतीला नाक लावून उभे होते. बोटानं चुना चाचपत म्हणाले, ‘ह ची शेपटी अजून उलटीच काढतोस व्हय रे?’

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मास्तर संध्याकाळी कागदाचं ठरवायला येणार होते. आप्पांनी बादली आणि तेच जुनं फडकं काढलं. मी पाणी ओतत गेलो, ते पुसत गेले. ओल्या विटांवर चुना विरला, अक्षरं नाहीशी झाली. ‘गेलं का रे?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘गेलं, आप्पा.’ खरंच गेलेलं दिसत होतं.

पण चुना पाण्यासारखा नसतो. आप्पांची पाण्याची अक्षरं वाळली की जात. माझी वाळली की परत आली, आधीपेक्षा पांढरी. विटेचा तुकडा घेऊन मी ती घासली. बोटं सोलली, अक्षरं राहिली. चिखल लिंपू म्हटलं, पण जमादाराची वही कशानं लिंपणार?

मास्तर आले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. भिंतीकडे बघून त्यांनी मलाच विचारलं, ‘क्या लिखे जी ये?’

आप्पा दारात उभे होते. गेलं म्हणून मी त्यांना सांगितलं होतं. आता मला माझीच अक्षरं शब्द शब्द वाचून, त्यांचा अर्थ हिंदुस्तानीत सांगावा लागला. मास्तर हळू म्हणाले, ‘मेरी नौकरी जाती, आप्पा. चार बच्चियां हैं.’

‘व्हय, मास्तर,’ आप्पा म्हणाले. ‘तुमी जावा.’

जाताना मास्तरांनी विटेला टिचकी मारली. मग हे घर आता आपलं होणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी हात मागं घेतला.

पावसाच्या आधी जावई गाडी घेऊन आला आणि आप्पांना घेऊन गेला. गाडीत चढताना ते दाराशी थांबले, पण वाजवलं काहीच नाही. पुढं हद्दीवर जाणंयेणं बंद झालं. ते खुलं झाल्यावर मी बार्शीला गेलो. आप्पा त्या पावसाळ्यातच वारले होते. जावयानं मला घर विकायचा हक्क त्याला देणाऱ्या मुखत्यारनाम्याची प्रत दाखवली. खाली निळा अंगठा होता. जावई म्हणाला, सहीसाठी तीन वेळा टाक धरला, रेघ कागदाबाहेर जायची. मग आप्पाच म्हणाले, घ्या अंगठा.

घर अजून विकायचं आहे. गिऱ्हाईक येतं, भिंत वाचतं, भाऊबंदकीचा तंटा असेल समजून निघून जातं. पावसात अक्षरं पुसल्यासारखी होतात आणि ऊन पडलं की परत येतात.

आता राज्य बदललं आहे. चुना उघड्यावर कालवता येतो आणि लिहिण्यासारखे अन्यायही कमी नाहीत. लिहू नका असं मी म्हणणार नाही. मीही लिहितो. एकच मागतो. उद्या बादली घेऊन कुणाच्या भिंतीपुढं उभे राहाल तेव्हा आधी त्या घराची कडी वाजवा. आणि दार उघडेपर्यंत थांबा. वेळ लागेल. आतल्या माणसाला कदाचित नीट दिसत नसेल.