दोन घरांचा एक जाळ

पऱ्हाटीचा जाळ लाकडाच्या जाळासारखा संथ नसतो; तो तडतडतो, एकदम उंच उठतो आणि पाहता पाहता बसतो. कपाशी वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या वाळक्या झाडांना वऱ्हाडात पऱ्हाटी म्हणतात. तिच्या धुराचा कडवट गंध केसांत, लुगड्यात, अगदी शाळेच्या दप्तरातही मुरतो. आज कुणी ऊर्जाबचतीवर बोलू लागलं, दिवे मालवा, यंत्रं सुधारा, शहरं नीट वसवा असं सांगू लागलं, की माझ्या नाकाशी प्रथम तो गंध येतो. ती सगळी भाषणं मला पटतात. इंधन वाचवायला माणसाला आधी काय सोडावं लागतं, हे त्यांत कुणी सांगत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

सत्तरच्या दशकाच्या आरंभीच्या त्या दुष्काळाचं नाव काढलं की लोकांना धान्य आठवतं, पाणी आठवतं. जळणाचा दुष्काळ कुणाच्या लक्षात राहतो? ज्या वर्षी कपाशीच वीतभर वाढून करपली, त्या वर्षी पऱ्हाटी कुठून येणार? गुरं विकली गेलेली, म्हणून गोवऱ्याही नाहीत. रेशनची लाल ज्वारी घरात येत होती. तिची भाकरी भाजायची कशावर, हा प्रश्न मात्र सरकारला पडला नव्हता, तो माझ्या मायला पडला होता. बाबा आणि काका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आणि आमच्या इंझोरी गावातल्या बायका पहाटे निघून लांबच्या जंगलातून काटक्यांची मोळी आणत. मायसोबत आणखी दोन हात गेले असते तर मोळी मोठी झाली असती. ते दोन हात माझे होते, आणि मी सातवीत होते.

आमच्या वस्तीत शाळा ही साधी गोष्ट नव्हती. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर घराघरांतल्या देवळ्यांमधले देव गेले आणि त्या रिकाम्या कोनाड्यांत मुलांची दप्तरं विराजमान झाली. माझं दप्तर तिथून खाली उतरवणं मायच्या जिवावर आलं होतं. म्हणून तिने आधी चुलीशीच झगडा मांडला. चुलीचं तोंड माती लिंपून लहान केलं. वैलावर, म्हणजे चुलीच्या बगलेतल्या दुसऱ्या भोकावर, कायम काहीतरी चढवून ठेवलं, की बाजूने निसटणारी धगही फुकट जाऊ नये. डाळ सकाळीच भिजत घातली, पातेल्यावर झाकण ठेवलं, निखारे विझवून त्यांचे कोळसे जपले. मितव्ययाचं एवढं सूक्ष्म शास्त्र तिला कुणी शिकवलं? गरजेनेच, दुसरं कोण! जळण खरोखर कमी लागू लागलं, तरी पुरेना.

आणि गंमत अशी, की आमच्या कुडाच्या भिंतीपलीकडे, अगदी पाठीला पाठ लावून, दुसरी चूल जळत होती. ती माझ्या काकूची. दोघी जावा पूर्वी एकत्र नांदत होत्या. मग एकदा माय पाहुण्यांदेखत काकूच्या वरणाला पातळ म्हणाली, काकूने तोडीस तोड उत्तर दिलं, आणि घराच्या मधोमध कूड उभा राहिला. आपल्याकडे घर खऱ्या अर्थाने वाटलं जातं ते चुलीने. शेत एकत्र राहील, बैलही राहतील, पण चूल वेगळी झाली की झाली; ती पुन्हा एक करायची म्हणजे चारचौघांत हार मानायची. म्हणून रोज संध्याकाळी दोन बायका एकाच भिंतीला दोन बाजूंनी तापवीत बसत. भाकरी भाजणाऱ्या कुणालाही विचारा: जळण जातं ते चूल आणि तवा तापायला, एकदा तवा तापला की पुढच्या भाकरी थोड्याशा काड्यांवर निघतात. दोघींनाही हे पक्कं ठाऊक होतं. पण मान गिळणार कोण?

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहताच माय म्हणाली, “उद्यापासून शाळेत नोको जाऊ. माह्यासंगं जंगलात चाल.”

मी रडले, अगदी मोठ्याने रडले. “परीक्षा तं होऊ दे न माय!” असं म्हणत राहिले. तिने तोंड फिरवलं आणि धुराला दोष देत डोळे पुसले. कुडातून सगळं ऐकू जातं. पलीकडची तडतड थांबली आणि थोड्याच वेळात काकू मळल्या पिठाची परात घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

“बाई, तवा तापलाच हाय तुमचा,” ती म्हणाली. “माह्या बी भाकरी होऊन जातीन. उद्याच्या काड्या माह्या. पोरीले शाळेत जाऊ द्या.”

मायने तव्यावरची भाकरी उलटली. मग पाटासकट बाजूला सरकली. “वरण बी इथंच टाकत जा,” ती म्हणाली. “पातळ चालते आमाले.”

काकू आधी हसली, मग माय हसली, आणि मी रडतच होते.

त्या दिवसापासून दोन घरांचा स्वयंपाक एका जाळावर होऊ लागला. माय एका दिवशी मोळी आणी, काकू दुसऱ्या दिवशी. प्रत्येकीच्या एकटीच्या डोक्याला झेपेल तेवढीच. मी सातवी पास झाले. ऊर्जेची मागणी कमी करणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? साधन सुधारून जेवढं साधतं तेवढं मायने साधलंच होतं. उरलेलं माणसांना जवळ बसवून साधावं लागलं, आणि ते काम चूल लिंपण्याहून कितीतरी कठीण होतं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. कपाशी कमरेला लागली, वेचणी आटोपली आणि पऱ्हाट्यांच्या गाड्या अंगणात रिकाम्या झाल्या. जळण आता हवं तेवढं होतं, आणि म्हणूनच मला भीती वाटली, आता चुली पुन्हा वेगळ्या होतील की काय. काका खुशीत काकूला म्हणाले, “चाला, आता पेटवा आपली चूल.” काकूने मायकडे पाहिलं. माय उठली, पलीकडे जाऊन त्या थंड चुलीत डोकावून आली.

“तिथं कोंबडी अंड्यावर बसली हाय,” ती काकांना म्हणाली. “कायले उठवता तिले?”

कोंबडीला पिल्लं काढायला महिनाही लागत नाही. ती चूल मात्र त्यानंतर कधी पेटली नाही.