झिजलेल्या बुटांचा हेवा

एत्रिंगनला जायचं हे सायलीचं आणि माझं दोन हिवाळ्यांपूर्वीच ठरलं होतं. दोघींचं. हे ‘दोघींचं’ मी मुद्दाम लिहिते आहे, कारण सगळी भानगड तिथेच आहे.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. एत्रिंगन हे जर्मनीतल्या आयफेल नावाच्या डोंगराळ भागातलं खेडं. तिथे बसाल्टची एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. काळ्या खांबांमधल्या उभ्या भेगांत हातपाय अडकवत चढायचं. दगड म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद. मी पुण्यात कॉलेजात असताना अशाच दगडावर चढायला शिकले, सायली नाशिकला. नेदरलँड्सचं काय सांगावं? झूटरमेरला आमच्या घराजवळचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा सायकलचा पूल. म्हणून हिवाळाभर हॉलमधल्या खोट्या भिंतींवर चढायचं आणि वसंताची वाट बघायची.

सायली डेल्फ्टला पीएचडी करते, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पाच वर्षं दोराच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला मी. हॉलच्या गोंगाटात घोटाळा नको म्हणून आमच्या हाका मराठीत. ‘ढील!’ म्हणजे दोर सोड, ‘आवळ!’ म्हणजे ताणून धर. अख्ख्या हॉलमध्ये हे शब्द फक्त आमचे होते.

मी इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, हात हलवत. आता क्लाइंबिंगच्या बुटांना नवे तळ लावून देते. घरामागच्या सायकलच्या खोलीत माझं दुकान आहे. जुनं रबर गरम करून सोलायचं, नवं चिकटवायचं, घासून आकार द्यायचा. या कामात एक खोड लागते. बूट पाहिला की माणूस किती चढला, कसा चढला, कुठे घाबरला हे सगळं कळतं.

कोविडच्या पहिल्या वसंतात सहल बुडाली. त्या डिसेंबरात हॉलही बंद झाले. सायलीचे बूट मी त्याच आठवड्यात नवे करून दिले होते. जानेवारीत नियम आला की घरात दिवसाला एकच पाहुणा. समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दमा आहे, त्यामुळे आमच्याकडे तोही नको. मी दाराच्या चौकटीवर लाकडी पट्टी ठोकली आणि तिला लोंबकळत राहिले. सायलीही घरात कोंडलेली असेल, माझ्यासारखीच मरगळली असेल, या कल्पनेने मला जरा बरंही वाटायचं. खोटं कशाला बोलू?

फेब्रुवारीच्या शेवटी तिचे बूट पोस्टाने आले. डाव्या अंगठ्यापाशी रबर झिजून आरपार भोक पडलं होतं. दहा आठवडे सगळे हॉल बंद, आणि बुटाला भोक! शेजारी माझे बूट होते, डिसेंबरात केलेले, कोरे करकरीत. मी फोन लावला.

“सायली, तू चढतेस कुठे?”

“फ्लोरच्या गॅरेजमध्ये. तिने भिंत बांधलीये ना. एकच पाहुणा चालतो, म्हणून मीच जाते, आठवड्यातून तीनदा.”

“मला बोलली नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. आणि ताई, तूच म्हणालीस ना, कुणी भेटायला नको म्हणून?”

म्हणाले होते. पण म्हणून काय झालं? माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते उन्हाळ्यापर्यंत थांबलं नाही. ही फ्लोर म्हणजे डेल्फ्टच्या एका शाळेत फिजिक्स शिकवणारी, सहा फुटी डच बाई. मार्चमध्ये तिचेही बूट माझ्याकडे आले. त्यांचा तळ तर चाळणी झाला होता. मी ते फडताळाच्या वरच्या कप्प्यात टाकले आणि कळवलं, रबर संपलंय, माल यायला वेळ लागेल. रबराचे चार ताव माझ्या डोळ्यांसमोर टांगलेले होते.

मे महिन्यात सायलीचा मेसेज आला. जूनमध्ये जाऊया, आणि फ्लोरलाही नेऊया, तिच्याकडे व्हॅन आहे. मी अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

शुक्रवार. झूटरमेरहून आइंडहोवन, व्हेन्लो, मग सीमेपलीकडे ६१ नंबरचा मोटारवे, मेंडिगला बाहेर पडायचं. थांबत गेलात तर साडेचार तास. कोविड टेस्टचा कागद हाताशी ठेवा. आम्हाला कुणी विचारला नाही, पण न नेण्याची हिंमत नको. व्हॅनमध्ये फ्लोरने स्वतः पलंग, ओटा, अगदी चमच्यांचे खणसुद्धा केले होते. मी प्रत्येक खण उघडून पाहिला, एक तरी वाकडा असेल म्हणून. नव्हता.

कॅम्पिंगला माणशी दहा-बारा युरो पडतात. किराणा वाटेत मायेन गावातच घ्या, खेड्यात फारसं काही मिळत नाही. मी भाजणी नेली होती. पहिलं थालीपीठ लावलं तर सायलीने ते माझ्या हातातून घेऊन सरळ फ्लोरच्या ताटलीत टाकलं. “हिला लोण्याबरोबर आवडतं,” म्हणाली. म्हणजे हिने आधीही खाल्लं होतं!

शनिवार. खाण मात्र डोळ्यांचं पारणं फेडते. झाडीतून वाट खाली उतरते आणि एकदम काळ्या खांबांची भिंत उभी राहते, सकाळी गार आणि किंचित ओली. दगडाला हात लागताच मला पुण्याचे रविवार आठवले. तेवढ्यात वरून डच उच्चारात हाक आली, “धील!”

फ्लोर दोरावर होती, सायली खाली. गाडीत मी झोपले असताना सायलीने तिला आमच्या हाका शिकवल्या होत्या. व्हॅन चालली असती, थालीपीठही चाललं असतं, पण हे मला सोसवलं नाही. मी पाणी आणायच्या निमित्ताने व्हॅनपर्यंत जाऊन आले आणि वाटेत दोघींना मनसोक्त शिव्या घातल्या.

फ्लोरचं चढणं मात्र चाललं नाही. तिच्या पायात जुने, सैल पडलेले हॉलचे बूट होते. या गुळगुळीत बसाल्टवर ते साबणासारखे घसरत होते. तीनदा घसरल्यावर ती उतरली आणि दिवसभर आमचे दोर धरत बसली. तक्रारीचा एक शब्द नाही. तिचे चांगले बूट माझ्या फडताळात पडून होते.

दुपारी माझी भेग. खाणीच्या चढाईच्या पुस्तकात दोन हिवाळ्यांपूर्वी मी तिच्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता. सायली म्हणाली, “मी बाजूने वर जाऊन फोटो काढते, तुझ्या आईला पाठवायला. फ्लोर दोर धरेल.” आणि गेलीसुद्धा.

मी कमरेला गाठ मारत होते. फ्लोरने इंग्रजीत विचारलं, जसं काही किती वाजले विचारावं तसं, “तुझ्याकडचं रबर खरंच संपलं होतं?”

डच माणसाला आडवळण माहीत नाही, आणि मलाही त्या क्षणी दुसरी वाट सुचली नाही.

“नाही,” मी म्हणाले.

“तू रागावली होतीस.”

“जळत होते.”

“ओके,” ती म्हणाली. मग वाकून माझी गाठ तपासली, ओढून पाहिली, पुन्हा तपासली. “चढ.”

वीस मीटरपर्यंत हात भेगेत घट्ट बसत होते. वर भेग अरुंद झाली, उजवा पाय थरथरायला लागला. जिचा उन्हाळा मी फडताळात कोंडला तिच्याच हातात माझा दोर आहे, हे मला नेमकं तिथे आठवलं. पाय सुटला आणि माझ्या तोंडून सवयीने मराठीच निघालं, “आवळ!”

शब्द पुरा व्हायच्या आत दोर ताठ झाला होता. मी लोंबकळत राहिले, रडू येईल इतकी सुरक्षित. दम खाऊन वरपर्यंत गेले, पण दोराला लटकले, म्हणजे भेग चोख झाली नाही. तासाभराने सायली आली आणि पहिल्याच फेरीत न लटकता वर गेली. मी टाळ्या वाजवल्या. मनातून नाही.

(भेगांसाठी हाताला टेप गुंडाळा. नाहीतर चार दिवस पोळी लाटता येत नाही.)

रविवार परतीचा. वाटेत लाखर तळ्यात पोहलो, आणि मी व्हॅनमध्ये मागे बसून घरी आले.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं ते फ्लोरच्या बुटांसाठी. आयुष्यात इतकं नीट काम मी क्वचित केलं असेल. ट्रेनने डेल्फ्टला नेऊन दिले. तिने गॅरेज उघडून भिंत दाखवली. कडेला सायलीचा टॉवेल वाळत होता, तो पाहून पुन्हा एक कळ आली. फ्लोर म्हणाली, तूही येत जा. समीरच्या दोन्ही लसी झाल्या होत्या. आता मला नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

शरद संपताना हॉल संध्याकाळी पाचला बंद व्हायला लागले, मग पुरतेच बंद झाले. या हिवाळ्यात मात्र नियम दोन पाहुण्यांचा आहे. गुरुवारी सायली आणि मी फ्लोरकडे जातो. पुढच्या वसंताची यादी गॅरेजच्या दारावर चिकटवली आहे, तिघींच्या अक्षरात.

सहलीतून काय राहिलं म्हणाल, तर हातावरचे दोन डाग आणि थोडी लाज. जळणं काही गेलं नाही. त्याला फक्त आता कामाला लावलंय.

गेल्या गुरुवारी बूट काढताना माझ्या डाव्या अंगठ्यापाशी भोक दिसलं. मी हळूच सायलीच्या बुटांकडे पाहिलं. शाबूत. तिनेही माझ्या बुटाकडे पाहिलं, उचलून हातात घेतला, भोकातून बोट घातलं.

“ताई, नुसत्या गुरुवारी एवढं झिजत नाही. तू अजून कधी येतेस?”

“रविवारी. समीर झोपलेला असतो तेव्हा.”

“मला बोलली नाहीस!”

बूट तिच्या हातातून काढून घेत मी म्हणाले, “तू विचारलं नाहीस.”