मावळतीच्या आतला डबा

ये गं, अशी जवळ बस. दुपारचा एक वाजला आणि तू सकाळपासून नुसत्या दोन चहांवर आहेस? वजन उतरवायचंय म्हणे! उपाशी राहिलं की वजन उतरतं, हे खूळ आधी डोक्यातून काढ. ही काकडीची कोशिंबीर घे आणि खात खात ऐक. मी काही पुस्तक वाचून बोलत नाही. एका बाईच्या तोंडाशी साखरपाण्याचा पेला धरून मी उभी होते, तिची शुगर अठ्ठेचाळीस होती, आणि ती बाई तोंड उघडत नव्हती. तिथं शिकले.

निपाणीत मी शुगर असलेल्यांना जेवणाचे डबे देते. शिक्षण सातवी. आमच्या ह्यांना शुगर निघाली तेव्हा बेळगावच्या आहारवाल्या मॅडमकडून चार्ट आणला. कळलं नाही ते दहादा विचारलं. बोट टोचून शुगर बघायचं मशिन घेतलं आणि पहिल्यांदा स्वतःचंच बोट टोचलं. त्यातून कळलं ते असं, की नुसता भात किंवा गोड खाल्लं की रक्तातली साखर झपकन चढते आणि तशीच झपकन उतरते. उतरली की अशी भूक लागते की समोर दिसेल ते माणूस खातो. मग परत चढते. जास्तीची साखर शरीर चरबी करून साठवतं. म्हणून आधी कोशिंबीर, मग भाजी-आमटी, शेवटी भाकरी, आणि सगळं थोडं थोडं, वेळेवर. साखर सपाट रस्त्यानं चालली की भूक आवरते, वजनही सावकाश उतरतं.

गेल्या सालच्या गुढीपाडव्याला पद्माक्कांचा डबा सुरू झाला. जैन घर, पुढं घर आणि मागं तंबाखूची वखार. आक्कांचे दोन्ही गुडघे गेलेले. बस्तीच्या, म्हणजे त्यांच्या देवळाच्या, चार पायऱ्या चढायच्या तर दोघांनी धरावं लागायचं. ऑपरेशन करायचं ठरलं, पण बेळगावच्या शुगरच्या डॉक्टरांची सही पाहिजे. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आठ किलो वजन उतरवा, शुगर स्थिर ठेवा. नाहीतर जखम भरणार नाही, मी सही करणार नाही."

मी चार्ट केला. कांदा, लसूण, बटाटा अर्थातच नाही. संध्याकाळी दीड भाकरी, घट्ट मुगाची आमटी, पडवळ नाहीतर दोडका. जेवणाआधी गोळी. ही गोळी शुगर खाली ओढते, म्हणून तिच्या मागोमाग जेवण पोटात जायलाच पाहिजे. डबा सव्वासहाला. आणि मी बजावलं, "आक्का, माझ्या डब्याशिवाय तोंडात काय घालायचं न्हाय. आन चार्टातली वेळ हलवायची न्हाय."

"बरं बाई, मालूताई म्हणतील तसं," आक्का हसल्या होत्या.

गणपतीपर्यंत पाच किलो उतरले. दिवाळी झाली आणि काटा उलटा फिरला. आधी एक किलो वाढलं, मग अजून दोन. फास्टिंग, म्हणजे सकाळी उपाशीपोटी बघायची शुगर, तीही चढलेली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून अर्ध्या गोळीची एक केली. डबा तर रोज रिकामा, घासूनपुसून परत यायचा. म्हणजे खोट माझ्या डब्यात नव्हती.

त्यांची सून स्मिता मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, दिवस उगवला की सासूबाई गुळाचा डबा घेऊन बसतात. हात थरथरत असतात, तरी खातात."

थरथरणारा हात ऐकून मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण मी ऐकला फक्त गूळ. तरातरा आत गेले. "आक्का, खोट माझ्या डब्यात न्हाय, तुमच्या जिभंत हाय. गुडघं कुणाचं, माझं का तुमचं?"

आक्कांनी पदर सारखा केला. मला वाटलं, चोरी पकडली.

मार्गशीर्षात तपासणीची तारीख आली. ह्या वेळी सही नाही मिळाली तर ऑपरेशन रद्द, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. मी सोबत जाणार होते. सात वाजता गाडी निघायची, मी सव्वासहालाच पोचले. थंडी होती, अजून उजाडायचं होतं. फाटकावर वखारीचा राखणदार मारुती पट्टा ओढत उभा.

"काय रं मारुती, लई बारीक झालास?"

"व्हय मावशी. पट्ट्याला दोन भोकं नवी पाडली. बायकू म्हणती, नवरदेव दिसतोय."

मी हसले आणि आत गेले. तेही तिथंच विचारायला पाहिजे होतं.

आक्का सोफ्यावर बसलेल्या. इरकलचं लुगडं नेसून तयार. पण त्या थंडीत कपाळावर घाम, पोलकं भिजलेलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इंदू, कवा आलीस गं?"

इंदू त्यांची बहीण. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

पिशवीतून मशिन काढलं, बोट टोचलं. अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली गेली की धोका असतो. आधी हात थरथरतो, मग जीभ आणि डोकं भरकटतं, मग गिळता येत नाही, मग शुद्ध जाते. शुद्ध गेली की तोंडातून काही देता येत नाही, दिलं तर श्वासात अडकतं. आक्का दुसऱ्या पायरीवर होत्या. तिसरी कधी येईल ते सांगता येत नव्हतं.

"स्मिता, साखरपाणी! पळ!"

तिनं पेला आणला. मी आक्कांच्या ओठाला लावला. त्यांनी ओठ मिटले.

"आक्का, प्या."

"दिवस उगवला न्हाय."

"आक्का, जीव जाईल!"

"उगवू दे. मग पिते." एवढं डोकं भरकटलं, समोरचं माणूस ओळखू येईना, पण नेम तेवढा जागेवर. खिडकीतून बघितलं. आभाळ नुसतं राखाडी. घड्याळात सहा वीस. सूर्य यायला अजून अर्धा तास होता.

"आप्पा कुठं हायती?" मी विचारलं. आप्पा म्हणजे आक्कांचे मालक.

"जपाला बसलेत. जप चालू असताना कुणी हाक मारत न्हाय," स्मिता रडायलाच लागली.

मी देवघराच्या उंबऱ्याशी गेले. ते पाठमोरे, हातात माळ. आयुष्यात त्या माणसासमोर मी मोठ्यानं बोलले नव्हते. "आप्पा, जप नंतर करा. आक्का हातच्या जातील."

माळ थांबली. आप्पा उठले, गुडघ्यावर हात टेकत बाहेर आले. आक्कांची हनुवटी धरली.

"पद्मा, माझ्याकडं बघ. नेम अन्नाचा हाय. हे औषध हाय."

आक्कांनी मान हलवली, नाही म्हणून.

"दोष लागला तर मला लागू दे. मी पाजतोय, तू पीत न्हाईस. उघड."

त्यांनी तोंड उघडलं. घोट घोट करून आप्पांनीच पाजलं, प्रत्येक घोट गिळला का ते मी गळ्याकडं बघत होते. पंधरा मिनिटं आम्ही तिघं उभेच होतो. परत बोट टोचलं. बहात्तर. आक्का म्हणाल्या, "मालूताई, तुमी कवा आलात?" तेव्हा मी खाली बसले.

ऊन दारात आल्यावर त्यांना भाकरी-भाजी खाऊ घातली. मग विचारलं, "रात्री जेवलात किती वाजता?"

"रात्री? दिवाळीपास्नं रात्रीचं जेवलेच न्हाय मी."

"मग डबा?"

"मारुतीला देते. अन्न टाकायचं कसं?"

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जैनांच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत. निपाणीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मला नव्हतं का? पण पाडव्याला सव्वासहा म्हणजे अंगणात ऊन. पावसाळ्यात तर दिवस अजून मोठा. दिवाळीनंतर सहालाच मावळतो. सूर्य आपल्या जागचा हलला, माझा चार्ट हलला नाही. डबा पोचायचा तो दिवेलागणीला.

"पर गोळी?"

"ती घेत होते की. पाणी बंद व्हायच्या आत. वेळ चुकवली न्हाय एक दिस."

म्हणजे गोळी पोटात, जेवण मारुतीच्या पोटात. रात्रभर शुगर खाली खाली. पहाटे घाम, थरथर. दिवस उगवला की मिळेल तो गूळ. तो खाऊन मग लॅबला जायच्या आणि तिथं लिहायचे फास्टिंग. डॉक्टर गोळी वाढवणार, शुगर आणखी पडणार, गूळ आणखी लागणार, वजन चढणार.

"मला एक शब्द बोलायचा की आक्का!"

"तुमीच म्हणालात, वेळ हलवायची न्हाय, डब्याशिवाय काय खायचं न्हाय. तुमी एवढं मन लावून करताय. परत त्या दिवशी जिभंचं बोललात. वाटलं, चूक माझीच."

मी त्यांचा हात धरून बसले.

बेळगावला डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि पेन उचललं. "गोळी वाढवावी लागेल. ऑपरेशनचं विसरा."

"सर, लिहू नका. ती फास्टिंग न्हवती. गूळ खाल्ल्यालं हाय."

"तुम्ही कोण?"

"डबेवाली. चूक माझी हाय, ऐकून घ्या." मी सगळं सांगितलं, पहाटेचे आकडे दाखवले. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग गोळी बदलली, कमी केली आणि म्हणाले, "मीही कधी विचारलं नाही, हे किती वाजता जेवतात. वजन उतरवायला अजून तीन महिने देतो."

आता माझ्या स्वयंपाकघरात घड्याळाशेजारी कॅलेंडर आहे, त्यात मावळतीची वेळ छापलेली असते. जैन घरांचे डबे त्याच्या तासभर आधी पोचतात, आणि गोळी डबा उघडल्यावर, डॉक्टरांना विचारून. आक्कांचा गूळ आपोआप सुटला. तो चोरटेपणा नव्हताच गं, ती उतरलेली साखर ओरडत होती. होळीपर्यंत वजन आठ किलोच्या पलीकडं उतरलं, सही मिळाली, दोन्ही गुडघे झाले. डबा बंद झाल्यावर मारुतीच्या पट्ट्याची नवी भोकं मात्र वाया गेली.

तेव्हापासून रिकामा डबा आला की मी खूश होत नाही. कुणी खाल्लं आणि किती वाजता, ते विचारते. कुणी चोरून खात असेल तर ओरडायच्या आधी बोट टोचते.

तू ती कोशिंबीर संपव आधी. आणि आज गेल्यावर नुसतं फोनवर बोलून भागवू नकोस, लवकर परत ये राहायला. रविवारी आलीस तर चार वाजताच ये. त्या वेळी पद्माक्का येतात माझ्याकडं, माझा जिना एकट्या चढून. दिवस मावळायच्या आत सगळ्या मिळून जेवू.