सर्दीचं उट्टं

लग्नानंतरची पहिली सहा वर्षं मी माझ्या जेठांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीतच तशी. धाकट्या सुनेनं जेठासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, आणि काही सांगायचंच असलं तर सासूला सांगायचं, मग सासू त्यांना सांगणार. ते समोर बसून सगळं ऐकत असले तरी. मी साक्रीकडची, माहेरी बापालाही उलट बोलायचे. पण फैजपूरजवळच्या या केळीवाल्या घरात आले आणि गुमान पदर घेतला. त्या पदरानं माझ्या पोरीचे कान खाल्ले. आज ते स्पष्ट लिहिते, कुणाला राग आला तर येऊ दे.

पोर नऊ महिन्यांची झाली आणि गोवरची लस द्यायचा दिवस आला. नेमकं त्या सकाळी तिचं नाक वाहत होतं, अंग किंचित कोमट लागत होतं. बाकी खेळत होती, दूध पीत होती. अंगणवाडीत सिस्टर म्हणाली, "एवढ्याशा सर्दीनं काही होत नाही. जास्त ताप असता तर थांबलो असतो. द्या इकडे." आणि मी शहाणी म्हणाले, घरी विचारून येते.

जेठांना सगळे आबा म्हणतात. केळीतलं त्यांना फार कळतं. सावद्याचे व्यापारीसुद्धा त्यांच्या बागेचं नाव काढतात. ते ओट्यावर बसले होते. सासूबाईंनी माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवला, तर म्हणाले, "उन्हानं कोमेजलेल्या रोपाले आपण खत देतो का? जयून जातं. पोरीले आधी बरं वाटू दे, पुढच्या महिन्यात पाहू." सासूबाईंनी मान हलवली. माझा नवरा सुपारी कातरत होता, त्यानंही हलवली. पोर म्हणजे केळीचं रोप नव्हे, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि पदराआडून मीही मान हलवली.

पुढचा महिना लागायच्या आत गोवर आला. सासूबाईंनी दाराला कडुलिंब बांधला, घरात फोडणी बंद केली आणि गोवर पुरता बाहेर येऊ द्यावा म्हणून चार दिवस दवाखानाही बंद. मग पोरीचे दोन्ही कान वाहायला लागले. पुढे जळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हिला कमी ऐकू येणार, मशीन लावावं लागेल. मी आईला फोन केला. ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "तुले तोंड नही व्हतं का?" तोंड होतं, मीच ते मिटलं होतं, आणि हे मला सोसवेना. म्हणून मी सगळा राग उचलून आबांच्या नावावर ठेवला.

पोर चार वर्षांची असताना एकदा घरी पाहुणे आले होते. आबांनी तिला मागून हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. त्यांनी पुन्हा मारली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हणाले, "जोरात बोला आबा, तिला ऐकू येत नाही." त्यांच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. ओटाभर माणसांसमोर आबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मला आत कुठेतरी गार वाटलं. तेव्हापासून मी ते वाक्य सोडलंच नाही. बारशात म्हटलं, साखरपुड्यात म्हटलं, व्यापारी बसलेले असताना तर मुद्दाम म्हटलं. सासूबाई एकदा वैतागल्या, "पुरे कर की आता, किती डूख धरशील?" मी म्हटलं, पोरीला ऐकू येईपर्यंत.

आणि यंदा माझा दिवस आला. आबांचा नातू दहा महिन्यांचा. आमच्या चुली आता वेगळ्या, पण ओटा एकच. पुतण्याची बायको पोराला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते. "काकू, आज लसीचा दिवस. याला सर्दी आहे, अंगही जरासं गरम आहे. देऊ, का पुढच्या महिन्यात बघू?"

जगात एका प्रश्नाचं उत्तर मला झोपेतही देता आलं असतं तर ते याचंच. ते मी दिलं नाही. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, तर एकदा त्यांचंही जळू दे, असं अगदी याच शब्दांत मनात आलं. पोराकडे न बघता मी म्हटलं, "मला काय विचारतेस? आबांना विचार. या घरात सुईचं तेच ठरवतात." ती गेली आणि मी दाराआड कान देऊन उभी राहिले.

आबांनी पोराच्या कपाळाला हात लावला. "निस्ती सर्दीच हाये. मंग थांबायचं कायले?" त्यांनी चपला घातल्या, नातवाला खांद्यावर घेतलं आणि निघाले. मी पिठाचे हात तसेच घेऊन मागे गेले. अंगणवाडीत ते स्वतःच सिस्टरला सांगत होते, सर्दी आहे, पण ताप विशेष नाही, देऊन टाका.

रांगेत बायका होत्या. त्यांच्यादेखत मी विचारलं, "आबा, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तुह्या पोरीच्या गोवरात."

"मग बारा वर्षांत मला एकदा तरी म्हणायचं होतं, चुकलो म्हणून."

"कधी म्हणू? तू बोलाले लागली का मले मान वर करता येत नव्हती."

तेवढ्यात सुई टोचली आणि पोरानं भोकाड पसरलं. मी पिठाचे हात पदराला पुसले आणि घरची वाट धरली.

संध्याकाळी पुतण्याची बायको पुन्हा आली. पोर तिच्या खांद्यावर पेंगत होतं. "बरं झालं काकू, तुम्ही आबांकडे पाठवलंत. मी तर महिनाभर थांबणारच होते."

नुसतं 'हो' म्हणून भागलं असतं. पण तिचे आभार मला पचेनात. मी म्हटलं, "लस मिळावी म्हणून नाही पाठवलं. आबा नको म्हणतील असं वाटलं होतं. मग याला गोवर आला असता आणि त्यांना कळलं असतं."

तिनं पोराला छातीशी घट्ट धरलं. ती तशीच निघून गेली. पुन्हा माझ्याकडे काही विचारायला येईल असं वाटत नाही.

माझी मुलगी तिथेच पाटावर बसून शाळेचा अभ्यास करत होती. दिवसभर मशीन लावून कान दुखतात, म्हणून घरी आल्यावर ती ते काढून ठेवते. तिनं वहीतून मान वर केली नाही. तिला काही ऐकू गेलं नव्हतं, आणि त्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.