मडगार्डखालचा बोल्ट

पयल्यांदा फटफटीची सीट चोरी गेली तवा आमी हासलो. आमच्या खुर्सीपार वस्तीत गाडीचं काहीबी जाते. कोनाची बॅटरी, कोनाचं साइड पॅनल, कोनाच्या टाकीचं झाकन. आमच्या घरात गाडी ठेवाले जागा नाई, ते दारासमोर गल्लीतच उभी राहे. एक दिवस सकाळी आमचा बुढा, माझा नवरा, ड्यूटीले निघाला तं गाडी आहे आन सीट नाई. नुसते नळे आन वायरी.

बुढा रसमड्याच्या एका कारखान्यात गेटवर चौकीदार. ठेक्याची नौकरी, दोन दिवस नाई गेलं तं तिसऱ्या दिवशी तेथं दुसरा मानूस उभा दिसते. पाय अधू, सायकल मारता येत नाई. गाडी आहे तं नौकरी आहे. मंग मी तांदळाचं रिकामं पोतं घडी केलं, त्यावर जुनी गोधडी, आन सुतळीनं करकचून बांधून देल्लं. समोरचा चहावाला वरडला, "काका, तकिया भी रख लो, सीधे दुर्ग में नींद खुलेगी!"

बुढा म्हने, "तेरी काकी को ही बांध रहा था, वो मानी नहीं."

संध्याकाळी माझा भाऊ आला. चरोद्याले त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, गेट-ग्रिल बनवते. आई गेली तवा तो रांगत होता आन मी दुसरीत होती. कडेवर लेकरू घेऊन कोन शाळेत बसू देते? माझी शाळा तेथंच सुटली. त्याले मी भात कुस्करून चारला, माझ्याच पायावर निजवला. मले तो 'बाई' म्हनते, पन लहानपनी आईच म्हने.

"बाई, तू फिकर नको करू," तो म्हनला. "असं काम करून देतो का चोर कपाळ फोडून घेईन."

त्यानं एक जुनी सीट आनली आन बसवताना युक्ती केली. सीटच्या बाजूनं दोन बोल्ट दिसतात, त्याइचे मुंडके वेल्डिंग करून टाकले. ते नुसते दाखवाचे. सीट खरी धरून होता एक तिसराच बोल्ट, मागच्या मडगार्डच्या आत, खालून. त्यावर ग्रीस फासलं, ग्रीसवर चिखल. हात घालून चाचपल्याबिगर मालूमच पडत नाई.

"हे तिघाइलेच माहीत," त्यानं बजावलं. "तू, भाऊजी आन मी. मेकॅनिकलेबी सांगजो नको."

नाई सांगितलं. बॅटरी बदलवाची असली तं बुढा मेकॅनिकले चहा प्याले पाठवे आन तेवढ्यात स्वतःच आडवा होऊन बोल्ट खोले. पोरीले नाई सांगितलं, जवायाले नाई. गल्लीतल्या किती गाड्याइच्या सीटा गेल्या, आमची हालली नाई. मी बायाइले तोऱ्यात सांगू, "माझ्या भावाच्या हातचं काम आहे."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सीट गेली.

बुढ्यानं वाकून पाह्यलं, बराच वेळ पाह्यलं. मंग मले बोलावलं. "पाह्य."

दिसनाऱ्या दोन बोल्टाइवर धूळ जशीच्या तशी. पान्याचा एक ओरखडा नाई. चोर असता तं पयले तेथंच झोंबला असता. मडगार्डच्या आत मात्र चिखल पुसलेला, ग्रीसवर बोटं उमटलेली, आन बोल्ट काढून नीट विटेवर ठेवलेला.

बुढ्यानं हात पुसला. "मी काही म्हनत नाई. तुझा भाऊ आहे."

"तुमी खोलता तवा कोनी पाह्यलं असन."

"असन," तो म्हनला. पोतं बांधलं आन गेला.

मी पायरीवरच बसली. भांडे पडून होते, नळ येऊन गेला. मंग मनात आलं, पयली सीट कोनं नेली होती? हे मनात आलं याचीच मले लाज वाटली.

आयतवारी भाऊ जेवाले आला, नेहमीसारखा. दारातूनच चोराइले शिव्या. "हात तोडाले पायजे साल्याइचे!" मी ताट वाढलं. वांग्याची भाजी, पोळ्या. तो दोन घास जेवला, तवा मी म्हनलं, "दिसनाऱ्या बोल्टाले हात नाई लागला रे."

तो थांबला. मले वाटत होतं, त्यानं म्हनावं, कोनी पाह्यलं असन. एवढंच म्हनला असता तं मी मान डोलवली असती. मी तयारच होती.

तो म्हनला, "गल्लीत कोनाजवळ बोलली का?"

"नाई."

"मंग कावून काढून राहिली हे? एक सीटच तं होती, बाई. दुकानात काम नाई महिना झाला. गिऱ्हाईक मांगत होतं, देल्ली. तुले दुसरी आनूनच देनार होतो."

"मले मांगितली असती तं मीच काढून देल्ली असती."

"मांगनं सोपं आहे का?"

मंग तो जेवला. सगळं जेवला. मीबी वाढत राह्यली. पोळी सरली का दुसरी टाकू, हाताले वळनच तसं पडलं होतं. बुढा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

आता गाडीले दुसरी सीट आहे, इकत घेतलेली. बुढा रोज संध्याकाळी ते खोलून घरात आनते, सकाळी लावते. कोनावर सोपवाचं कामच नाई.

भाऊबीज आली. त्याचा फोन नाई आला, मीबी केला नाई. आमच्यात ज्या बाईले भाऊ नसते ते भाऊबीजेले चंद्राले ओवाळते. लहानपनी गावात एक बाई असं करे, तवा तिची मले लय कीव ये. त्या दिवशी सूर्य बुडाल्यावर मी ताट घेऊन गल्लीत उभी राह्यली. शेजारीन म्हने, "कइसे दाई, भाई नइ आइस?"

"नइ आइस," मी म्हनलं.

दुजेची कोर पातळ असते, जल्दी बुडते. तांदूळ टाकले, दिवा फिरवला. बुढा दारात उभा होता. म्हने, "असं नको करू. भाऊ जिता आहे ना तुझा."

"जिता राहो," मी म्हनलं. "माझ्या पाटावर नको."